माझ्या पोटातले राळे

“हिला बरोबर नेणार असशील, तर हिच्या पोटात जे आहे ते तिकडे चालतं का, एवढं विचारून घे गं बाई,” असं शेजारच्या काकू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या. आईला हसू आलं. “काकू, उशी आहे हो ती. पोतं नाही,” ती म्हणाली. मला तर काकूंचा रागच आला. चारचौघांत कुणी कुणाच्या पोटाची चौकशी करतं का?

मित्रांनो, ती उशी म्हणजे मी. आता मी जुनी झाले आहे. माझा रंग उडाला आहे, एका कोपऱ्याला ठिगळ आहे आणि माझी एक बाजू भलत्याच रंगाच्या दोऱ्याने शिवलेली आहे. ती तशी का, हे सांगायला मी आज बसले आहे. इतके दिवस लोटले, तरी ते आठवलं की मी सुन्न होते.

माझा जन्म तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरात, खिडकीजवळच्या शिलाई मशीनवर झाला. मला शिवलं ते आमच्या बाळाच्या आजीने. आजोबांचा एक सदरा धुऊन धुऊन इतका मऊ झाला होता, की अंगात घातला तरी घातल्यासारखा वाटत नसे. आजीने त्या सदऱ्याची पाठ कापली आणि तिच्या दोन छोट्या पिशव्या शिवल्या. दोन कशाला, तर त्या वर्षी घरातल्या दोन्ही सुनांना बाळं झाली होती. थोरलीला मुलगा, धाकटीला मुलगी. मुलगा इतका गुटगुटीत, की सगळे त्याला ढब्बू म्हणत. मुलीला अजून नुसतं बाळच म्हणत. ते आमचं बाळ. धाकटी सून म्हणजे बाळाची आई. मीही तिला आईच म्हणते, कारण बाळ झाल्यापासून त्या घरात तिला दुसऱ्या कुठल्या नावाने कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही.

पिशव्यांत आजीने राळे भरले. राळे तुम्ही कदाचित पाहिले नसतील. बारीक, गोल, पिवळसर धान्य असतं ते. मुठीत धरलं तर बोटांच्या फटींतून पाण्यासारखं निसटतं. “कापसात डोकं रुतून बसतं,” आजी म्हणायची. “राळे कसे, मान वळेल तसे सरकतात.” माळ्यावरच्या एका पोत्यात तळाशी थोडे राळे उरले होते. तेच आम्हा दोघींच्या वाट्याला आले. एकाच सदऱ्याची पाठ, एकाच पोत्यातलं धान्य, एकाच दुपारचे टाके. म्हणजे आम्ही जुळ्याच. ती ढब्बूकडे गेली, मी बाळाकडे आले.

मित्रांनो, मी माझं काम मन लावून केलं. बाळाचं डोकं टेकलं की मी तिच्या मानेच्या मापाची व्हायचे. ती डावीकडे वळली की माझे दाणे डावीकडे सरकायचे. घरी येणारी प्रत्येक बाई मला हातात घेऊन दाबून बघायची आणि म्हणायची, “काय गुणाची उशी आहे.” मी फुगून जायचे. दुपारी घर शांत झालं, की माझ्या पोटात कधी कधी बारीक सळसळ व्हायची. गुदगुल्या केल्यासारखं वाटायचं. सुख म्हणतात ते हेच असणार, अशी माझी समजूत होती.

एकच गोष्ट आईला छळत होती. बाळाच्या मानेवर, केस संपतात तिथे, लाल बारीक पुरळ यायचं. जायचं आणि पुन्हा यायचं. आईने साबण बदलला. पावडर बंद केली. झबल्यांच्या आतली चिठ्ठी टोचत असेल म्हणून एकेक चिठ्ठी उसवून काढली. पडदे धुतले. स्वतःच्या केसांचं तेलसुद्धा बदललं. आई शिकलेली होती आणि काळजीखोर होती. तिने घरातल्या प्रत्येक वस्तूवर संशय घेतला. माझ्यावर कधी घेतला नाही. माझ्यावर तर ती बाळाला झोपवायची.

बाळाचे बाबा आणि ढब्बूचे बाबा हे सख्खे भाऊ. दोघं परदेशात एकाच कारखान्यात कामाला होते. आधी थोरली ढब्बूला घेऊन तिकडे गेली. माझी जुळी बहीण बाबागाडीत, ढब्बूच्या डोक्याखाली बसून गेली. मग काही महिन्यांनी आमची पाळी आली. थोरल्या दिरांच्या घरातली एक खोली आमच्यासाठी मोकळी करून ठेवली होती.

आईने त्या देशाचे नियम वाचले, पुन्हा वाचले, आणि झोपण्यापूर्वी परत एकदा वाचले. तिकडे माती चालत नाही म्हणून तिने बुटांचे तळवे जुन्या टूथब्रशने घासले. लाकडी खुळखुळा मागे ठेवला. वहीत दाबून ठेवलेलं एक वाळकं फूल होतं, तेही काढून टाकलं. बाळाच्या तापाच्या औषधासाठी डॉक्टरांची चिठ्ठी घेतली, आणि ती हरवली तर म्हणून दुसरी घेतली. बाबा फोनवर म्हणाले, “तू इकडे राहायला येतेयस की कस्टममध्ये नोकरीला?”

“हसू नकोस,” आई म्हणाली. “एकटी येतेय मी, कडेवर बाळ घेऊन. कुणी थांबवलं तर मी काय करणार आहे?”

काकूंचं बोलणं तिच्या मनात कुठेतरी अडकलं असावं, कारण तिने थोरलीला विचारलं होतं. “वहिनी, उशीचं काय करू?”

“अगं, मी नाही का आणली? उघड्यावर होती गाडीत. कुणी हुंगलंसुद्धा नाही. आण बिनधास्त.”

मग काय. थोरल्या जावेने सांगितलं म्हणजे देशाच्या कायद्यानेच सांगितलं. आईने मला बाबागाडीत ठेवलं आणि आम्ही निघालो.

विमानातून उतरल्यावर एक लांबच लांब दालन लागलं. फरशीवर रंगीत पट्ट्या होत्या. एक लाल, एक हिरवी. भिंतीवर मोठमोठी चित्रं लावली होती. सफरचंद, मांसाचा तुकडा, कुंडीतलं रोप, धान्याची मूठ, आणि प्रत्येकावर आडवी रेघ. खाली लिहिलं होतं, “सांगा किंवा टाकून द्या.” शेजारी त्यासाठी पिंप ठेवलं होतं. आईने ती चित्रं बघितली. हातातलं अर्धं केळं लगेच पिंपात टाकलं, आणि पाकिटात एखादा बिस्किटाचा तुकडा राहिला नाही ना, तेही चाचपलं. मी बाळाच्या मानेखालून ते धान्याच्या मुठीचं चित्र बघत होते. ते माझ्याबद्दल आहे असं मला मुळीच वाटलं नाही. मी धान्य कुठे होते? मी उशी होते.

टेबलामागच्या अधिकाऱ्याने विचारलं, “सामान तुम्ही स्वतः भरलंत?”

“हो, मीच.”

“खाण्याचं काही? दूध, मांस, धान्य, बियाणं?”

“बाळाची दूधभुकटी आहे, बंद डब्यात. औषध आहे, त्याची डॉक्टरांची चिठ्ठी आहे. दोन चिठ्ठ्या आहेत.”

“धान्य, बियाणं काही नाही?”

“अजिबात नाही. मी बुटांचे तळवेसुद्धा घासून आणलेत.”

तो हसला आणि त्याने हिरव्या, म्हणजे सरळ बाहेर जायच्या पट्टीकडे हात केला. आईने सोडलेला श्वास मला बाळाच्या डोक्यावरून वाऱ्यासारखा जाणवला. काचेच्या दाराच्या पलीकडे बाबा उभे होते. हातात फुलं होती आणि ते टाचा उंचावून बघत होते. दार अगदी समोर होतं.

तेवढ्यात एक कुत्रा आला. लांब कानांचा, तपकिरी, पाठीवर हिरवं जाकीट. त्याची दोरी एका तरुण मुलीच्या हातात होती. तो बाबागाडीपाशी आला. त्याने चाक हुंगलं, पिशवी हुंगली, मग नाक वर करून मला हुंगलं. आणि तो खाली बसला. भुंकला नाही, ओढाओढ केली नाही, नुसता बसला आणि त्या मुलीकडे बघत राहिला. बाळ खिदळलं आणि त्याच्या कानाकडे हात नेऊ लागलं.

“केळं खाल्लं हो तिने मघाशी,” आई घाईने म्हणाली. “सांडलं असेल थोडं.”

“केळ्याला तो असा बसत नाही, ताई. बाळाला उचलून घ्या.” मुलीने कुत्र्याला खाऊ दिला आणि आईकडे बघितलं. “मी पुन्हा एकदा विचारते. धान्य, बियाणं असं काही जवळ आहे?”

“नाही हो. सांगितलं ना मघाशी.”

मित्रांनो, तो दुसरा नकार. पहिल्या नकारापेक्षा तो किती जड होता, हे आईला अजून माहीत नव्हतं.

मला एका सरकत्या पट्ट्यावर ठेवलं आणि एका अंधाऱ्या पेटीतून पलीकडे काढलं. बाहेर आले तर समोर पडदा होता आणि पडद्यावर मी होते. म्हणजे माझी आतली बाजू. मी आयुष्यात पहिल्यांदा माझं पोट बघितलं. ठिपके, ठिपके, नुसते ठिपके.

“हे काय?” मुलीने विचारलं.

“उशी.”

“उशीच्या आत?”

“राळे,” आई म्हणाली. तो शब्द तिच्याच तोंडून बाहेर पडला आणि तिचा हात तोंडावर गेला. बुटांचे तळवे घासणारी, वाळकं फूल टाकून देणारी माझी आई. सगळ्यांत मोठी गोष्ट तिने बाळाच्या डोक्याखाली ठेवून आणली होती.

आम्हाला एका खोलीत नेलं. जमिनीला पक्क्या केलेल्या खुर्च्या, स्टीलचं टेबल, आणि टेबलावर झुकलेला भिंगाचा दिवा. एक वयस्कर तपासनीस बाई आल्या. त्यांनी हातमोजे घातले, एक पांढरा ट्रे पुढे ओढला आणि कात्रीने माझी एक बाजू उसवली. दुखलं नाही. पण आजीच्या हातचे टाके एकेक करून तुटताना ऐकू येत होते. मग राळे ट्रेमध्ये घसरले. बाळाच्या मानेच्या मापाचे झालेले माझे राळे. ते ट्रेमध्ये पसरले आणि स्थिर झाले.

आणि मग त्यातला एक दाणा चालू लागला.

मी म्हटलं, दिव्याच्या उजेडाने भास होत असेल. पण दुसरा चालला. मग तिसरा. बाईंनी चिमट्याने एक उचलला आणि भिंगाखाली धरला. तो दाणा नव्हता. तपकिरी अळी होती, अंगभर बारीक केस असलेली. ट्रेच्या कडेला काही छोटे किडे वर चढायच्या खटपटीत होते. अर्धे राळे तर नुसती टरफलं होती, आतून खाऊन पोकळ केलेली.

माझ्या पोटात व्हायच्या त्या गुदगुल्या या होत्या. ज्याला मी सुख म्हणत होते, ते मला आतून खात होतं. आणि माझ्यावर रोज कोण झोपत होतं, ते तुम्हाला माहीत आहे.

आईने बाळाला वळवलं, झबल्याचा गळा खाली ओढला आणि मान दिव्याखाली धरली. लाल पुरळ. “हे... यामुळे?” तिने विचारलं. आवाज अगदी खालचा होता.

“या अळीचे केस झडतात आणि कापडातून बाहेर येतात. नाजूक कातडीला त्रास होऊ शकतो,” बाई म्हणाल्या. “पण मी डॉक्टर नाही. डॉक्टरांना दाखवा. मी किड्यांची माणूस. बसा.”

आई बसली. बाईंनी ट्रेवर झाकण ठेवलं आणि ते चिकटपट्टीने बंद केलं.

“मी स्पष्ट बोलते. तुम्ही आधीच सांगितलं असतंत, तर आम्ही उशी काढून घेतली असती आणि तुम्हाला जा म्हटलं असतं. विषय तिथेच संपला असता. पण तुम्हाला दोनदा विचारलं आणि तुम्ही दोनदा नाही म्हणालात. आता मला ठरवायचंय, की तुमच्या लक्षात आलं नाही, की तुम्ही लपवलंत. लपवलं असेल तर व्हिसा रद्द होऊ शकतो. तुम्ही आणि बाळ, दोघीही परत.”

“एका उशीसाठी?” आई म्हणाली. उद्धटपणे नाही, खरंच न समजून.

“कायद्याला उशी दिसत नाही हो, आत काय आहे ते दिसतं. हा किडा गोदामाच्या भेगेत शिरला तर वर्षानुवर्षं काही न खाता जगतो. आमचं धान्य जहाजांनी जगभर जातं. हा किडा इथे सापडला असं कळलं, की समोरचा देश आमची जहाजं बंदरातून परत पाठवतो. मग गोदामं बंद, बंदरं बंद, माणसं घरी. तुमचे यजमान काय करतात?”

“कारखान्यात आहेत. पिठाच्या.”

बाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि नजर काढून घेतली. मी तर ऐकूनच गार झाले. आपल्या पोटात दोन ओंजळी राळे आहेत, एवढंच मला ठाऊक होतं. जहाजं परत पाठवण्याची ताकद माझ्यात आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आईला बाबांशी बोलायची परवानगी मिळाली. बाबांचा आवाज फोनमधून बाहेर येत होता. “अगं, सांग की माझ्या आईने दिली होती, आत काय आहे ते मला माहीत नाही.”

“पहिलाच प्रश्न होता, सामान तुम्ही भरलंत का. मी हो म्हणाले. आता मला माहीतच नव्हतं म्हटलं तर ते खोटं. आणि मला माहीत होतं रे. मीच गंमत म्हणून तिला हलवून दाणे वाजवून दाखवायचे बाळाला.”

“बरं, मग शांत राहा. विचारतील तेवढंच सांग.” मग आवाज खाली गेला. “आणि वहिनीचं नाव काढू नकोस. आपण त्यांच्याच घरी उतरणार आहोत.”

आईने फोन ठेवला. आणि बाईंनी नेमका तोच नको असलेला प्रश्न विचारला. “हे धान्य आणखी कुणी इथे आणलंय का? तुमच्या ओळखीत कुणी?”

मित्रांनो, माझी बहीण. त्या क्षणापर्यंत मला तिची आठवणसुद्धा आली नव्हती. एकच पोतं. माझ्या पोटात जे होतं, ते तिच्याही पोटात असणार. आणि तिच्यावर ढब्बू झोपत होता, महिनोन्‌महिने, याच देशात, याच शहरात.

मी टेबलावर रिकामी पडले होते आणि आईच्या चेहऱ्याकडे बघत होते. नाही म्हणणं किती सोपं होतं. कुणाला कळणार होतं? आणि हो म्हटलं, तर ज्या घरात ती उतरणार, त्याच घरावर तिच्यामुळे सरकारी माणसं जाणार. ज्या जावेने खोली मोकळी करून ठेवली तिच्यावर. शिवाय स्वतःची चूक आणखी मोठी होणार ती वेगळीच. तिने पुन्हा एकदा बाळाची मान बघितली. बाळ तिच्या खांद्यावर तोंड घासत होतं, झोपेला आलं की घासतं तसं.

“आहे,” आई म्हणाली. “माझ्या जाऊबाईंकडे. अशीच उशी, याच पोत्यातली. त्यांचा मुलगा त्यावर झोपतो. पत्ता सांगते. मला आधी त्यांना फोन करू द्याल?”

“नाही. आधी आमची माणसं पोचू देत. लोक घाबरतात आणि उशी कचऱ्यात फेकतात. कचऱ्यातून तो आणखी पसरतो.”

“त्या मला माफ करणार नाहीत.”

“ते मी कागदावर लिहू शकत नाही,” बाई म्हणाल्या. पण त्यांनी बाळासाठी कोमट पाणी मागवलं.

आम्ही बराच वेळ त्या पक्क्या खुर्च्यांवर बसून होतो. एक मोठे अधिकारी आले, कागद वाचून गेले, परत आले. शेवटी बाईंनी निकाल सांगितला. अजाणता झालेली चूक, पुढे दिलेली खरी आणि पूर्ण माहिती, म्हणून दंड आणि लेखी ताकीद. प्रवेश मंजूर. पुन्हा असं घडलं तर मात्र सवलत नाही. आई मान हलवत होती. दाखवतील तिथे तिने सही केली.

मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. “कापड मिळेल का? सासऱ्यांच्या सदऱ्याचं आहे.”

किडे मरावेत म्हणून मला एका भट्टीत ठेवलं. त्या उष्णतेचं वर्णन मी करत नाही, तुम्ही लहान आहात. बाहेर आले तेव्हा मी हलकी, चपटी आणि रिकामी होते. आईने मला घडी करून पर्समध्ये ठेवलं.

गाडीत बाबांनी विचारलं, “नाव सांगितलंस?”

“पत्तापण दिला.”

बाबा म्हणाले, “आता राहायचं कुठे ते तूच सांग.”

“आधी तिथेच चल. ढब्बूला बघायचंय मला.”

थोरलीचं घर एका उतारावर होतं. दारापुढे सरकारी गाडी उभी होती. थोरलीने दार उघडलं. आईकडे बघितलं, बाळाकडे बघितलं, आणि म्हणाली, “या. तुमचे पाहुणे आधीच आलेत.”

स्वयंपाकघरात दोन माणसं तांदळाचे, पिठाचे डबे पिशव्यांत घालून सील करत होती. एक जण गुडघ्यांवर बसून कपाटाच्या फटीत दिवा मारत होता. आणि टेबलावर, पारदर्शक पिशवीत, माझी जुळी. तिला अजून उसवलं नव्हतं, पण गरज नव्हती. पिशवीच्या तळाशी तपकिरी भुगा साचला होता आणि तो भुगा हलत होता. मी पर्सच्या उघड्या तोंडातून तिला बघितलं. आम्ही बोललो नाही. काय बोलणार?

“घरात पाऊल टाकायच्या आधी जावेचं नाव सांगून आलीस,” थोरली म्हणाली. “बरं केलंस. ओळख छान झाली शेजारपाजाऱ्यांशी.”

“वहिनी, बोला मला नंतर. ढब्बू कुठाय?”

“झोपलाय. त्याला काय झालंय? तो ठणठणीत आहे.”

आई आत गेली. थोरली मागोमाग आली, जवळजवळ धावत, आणि पाळण्याच्या पुढे उभी राहिली. घर उबदार होतं, तरी ढब्बूच्या अंगात गळाबंद, हनुवटीपर्यंत येणारा लोकरी अंगरखा होता. “त्याला उठवू नकोस,” थोरली म्हणाली. आईने तिच्या खांद्यावरून हात नेला आणि गळा अलगद खाली केला.

बाळाच्या मानेवर होतं ते काहीच नव्हतं. ढब्बूच्या कानामागून पाठीपर्यंत कातडी लाल, खरबरीत, नखांनी ओरबाडलेली होती. आई त्याच्याकडे बघत राहिली. मग थोरलीकडे.

“डॉक्टरांकडे गेले होते मी,” थोरली म्हणाली. तिचा आवाज आता वेगळाच होता. “त्यांनी विचारलं, घर स्वच्छ असतं का? साधंच विचारलं असेल गं. पण मला इतकी लाज वाटली. परत गेलेच नाही. रोज घर पुसते. दोन-दोनदा पुसते. ह्यांनासुद्धा धड सांगितलं नाही, कामावरून थकून येतात. गळाबंद घालते म्हणजे कुणी बघायला नको.” तिने पाळण्याची कड धरली. “आणि रोज पुसून झालं, की त्याला त्याच उशीवर झोपवते.”

आई खाली जमिनीवरच बसली. तिने बाळाला मांडीवर पालथं घेतलं आणि तिची मान थोरलीला दाखवली. थोरलीने वाकून बघितलं. हलकेच बोट लावलं.

“हे कधीपासून?” थोरलीने विचारलं.

“तुम्ही इकडे आलात ना, त्यानंतर थोड्याच दिवसांनी.”

“मग मला सांगायचं नाहीस?”

“फोनवर तुमचा ढब्बू इतका छान दिसायचा, वहिनी. मला वाटलं, मीच कुठेतरी कमी पडतेय.”

थोरली हसली. हसता हसता तिचे डोळे भरले आणि ती आईशेजारी जमिनीवर बसली. मला वाटलं, आता बोलेल काहीतरी जिव्हारी लागणारं. पण ती म्हणाली, “उद्या सकाळी दोघांनाही घेऊन जाऊ डॉक्टरांकडे. तू बोल. तुला विचारायला लाज वाटत नाही कुणाला काही.”

“मला तर आता कस्टमवाल्या बाईंचीसुद्धा लाज वाटत नाही,” आई म्हणाली.

बाहेरच्या खोलीत दोघे भाऊ सील केलेल्या डब्यांकडे बघत उभे होते आणि आत जायची हिंमत कुणाचीच होत नव्हती.

मित्रांनो, तपासणीची माणसं त्या घरी पुढेही येत राहिली. कपाटाच्या फटीत किडे सापडले, म्हणून सगळं कपाटच गेलं. थोरलीलाही दंड झाला. पण दोन्ही मुलांच्या माना हळूहळू स्वच्छ झाल्या. डॉक्टर म्हणाले, एवढ्या लहान बाळांना उशी लागतच नाही. हे ऐकून मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. आयुष्यभर ज्या कामाचा मी अभिमान बाळगला, ते कामच नको होतं. आईने मला हातात घेऊन बराच वेळ धरून ठेवलं. मग धुतलं, थोडा कापूस भरला आणि मिळाला त्या दोऱ्याने शिवलं. आता मी उशी नाही. बाळ चालायला लागलं आहे, आणि मला एका कोपऱ्याला धरून घरभर ओढत नेतं. माझी जुळी परत आली नाही. ती होती तशीच, राळ्यांसकट जाळली गेली.

म्हणून तुम्हाला माझं सांगणं आहे. सीमेवर कुणी विचारलं, तर जवळ जे आहे ते सगळं सांगा. ते विकत घेतलेलं आहे की प्रेमाने शिवलेलं, याचा विचार करत बसू नका. ठरवायचं काम त्यांचं, आपलं काम सांगायचं. घेतली तर वस्तू घेतील. वस्तू ते सोसते; मला ठाऊक आहे, मी वस्तूच आहे.

आणि एक काम आजच करा. तुमची एखादी मावशी, आत्या, काकू, मोठी ताई लहान बाळ घेऊन कुठेतरी लांब राहायला गेली असेल. तिला फोन लावा. मोठ्यांना सांगा लावून द्यायला. ती म्हणेल, आमचं उत्तम चाललंय. तिथे फोन ठेवू नका. तिला विचारा, बाळाची मान कशी आहे, बाळ रात्री झोपतं का. आणि मग विचारा, तू झोपतेस का. ती लगेच उत्तर देणार नाही. तुम्ही थांबा. तिचं उत्तर येईपर्यंत थांबा.